चार ते दहा : एका हॉटेलवालीच्या निवेदनांची गोष्ट

कोरोनाच्या लॉकडाऊननंतर ८ जून २०२० पासून केंद्र सरकारने प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची हॉटेलं आणि रेस्टॉरंट उघडायला मोकळीक दिली. महाराष्ट्राने ती दिली नाही. देशात सगळ्यात जास्त रुग्ण आपल्याकडे होते, त्यामुळे कारण कळत होतं. तरी दुसऱ्या राज्यांतली टेबलं लागल्याचे फोटो मोबाइलवर यायचे आणि पुण्यात आमच्या हॉटेलात खुर्च्या टेबलांवर उलट्या पडून होत्या. जुलैत ८ तारखेला राज्याने लॉज आणि राहण्याची हॉटेलं एक तृतीयांश क्षमतेने सुरू केली. बसून जेवायची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० ला मिळाली. या मधल्या काळात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत आम्ही काय मागितलं, कसं मागितलं आणि त्यातलं काय मिळालं, ते मला लिहून ठेवायचं आहे. मोठ्या संघटनांच्या बैठकांच्या बातम्या छापून आल्या आहेत. गल्लीतल्या हॉटेलवाल्यांनी काय केलं, ते कुठे आलेलं मी पाहिलं नाही.

आमचं हॉटेल कर्वे रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत आहे. साठ जण बसतील एवढं, शाकाहारी. सकाळी पोहे-उपमा-इडली, दुपारी थाळी, रात्री पंजाबी. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी सुरू केलेलं. नवरा भटारखाना आणि बाजार बघतो. हिशेब, बँक, लायसन्सं, पीएफ हे माझ्याकडे. म्हणून आमच्या भागातल्या हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन सरकारकडे जायचं ठरवलं तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. गटात सगळे होते. चाळीस वर्षं उडुपी हॉटेल चालवणारे अण्णा, दोन परमिट रूमवाले शेठ, कॉलेजच्या मुलांची मेस चालवणाऱ्या काकू, मिसळवाले, बेकरी-कॅफेवाली दोन तरुण मुलं.

पहिल्या दिवसापासून आमच्यात एक वाद होता. बहुतेकांचं म्हणणं, एकच ओळ लिहा : आमची हॉटेलं सुरू करा. एक शेठ म्हणाले, "ताई, फार लांबण लावू नका. मोठ्या साहेबांना वाचायला वेळ नसतो." माझं म्हणणं वेगळं होतं. सुरू करा म्हणणारे शेकडो अर्ज रोज येत असणार. जिमवाले, सलूनवाले, मंगल कार्यालयवाले, सगळेच तेच लिहितात. आपल्या धंद्यात पैसा कुठे येतो, कुठे जातो, किती माणसं त्यावर जेवतात आणि बंद काळात नेमका कोणता खर्च थांबत नाही, हे आकड्यात मांडलं तरच समोरचा माणूस दोन मिनिटं थांबेल. अण्णांनी माझी बाजू घेतली. "तुम्ही लिहा ओ, मी माझी वही आणून देतो," म्हणाले. आणि खरंच आणून दिली, वर्षानुवर्षांच्या हिशेबाची, कानडी आकड्यांतली.

त्या वह्या आणि आमची बिलं पुढे घेऊन बसल्यावर जे दिसलं ते हॉटेलवाल्याला माहीत असतं, पण बाहेर कुणाला सांगितलेलं नसतं. गल्ला बंद पडला की भाजी, तेल, गॅस यांचा खर्च थांबतो. जागेचं भाडं थांबत नाही. विजेचा स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी बिलात येणारी रक्कम, थांबत नाही. कामाची मुलं वरच्या खोलीवर राहतात, त्यांचं दोन वेळचं जेवण थांबत नाही. परमिट रूमवाल्यांना तर वर्षाची लायसन्स फी आगाऊ भरावी लागते, हॉटेल उघडं असो वा बंद. भाड्यावर जागेचा मालक १८ टक्के जीएसटी लावतो. आमचा जीएसटी ५ टक्के, पण त्या दरात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे आम्ही खर्चावर भरलेला जीएसटी आमच्या करातून वळता होत नाही. म्हणजे भाड्यावरचे ते १८ टक्के आमच्याच खिशातून. हे वाक्य मी निवेदनात तीनदा सोपं करून लिहिलं, कारण ज्या कर सल्लागाराला दाखवलं त्यालाही रेस्टॉरंटची ही गोष्ट आधी समजावून द्यावी लागली.

मदत म्हणून त्या वर्षी जे जाहीर झालं, त्याची आम्ही एक यादी केली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, मे महिन्यात आणखी तीन महिने वाढवली. व्याज चालूच होतं. वीज नियामक आयोगाने उद्योगांचा आणि व्यावसायिक ग्राहकांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला. तोही नंतर भरायचाच होता. मे महिन्यात केंद्राची आपत्कालीन पतहमी योजना आली. हमी सरकारची, तारण नाही, व्याजाला बँकेसाठी ९.२५ टक्क्यांची मर्यादा, पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही. ऐकायला फार चांगलं. मी कागदं घेऊन बँकेत गेले तेव्हा त्याची मेख कळली. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के नवं कर्ज मिळणार. आमच्यावर भटारखाना नवा केला तेव्हाचं कर्ज होतं, म्हणून आम्हाला मिळालं. अण्णांनी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलं नव्हतं. शून्याचे २० टक्के शून्य. ज्याने चाळीस वर्षं स्वतःच्या कमाईवर हॉटेल चालवलं, कर वेळेवर भरला, त्याला योजनेत जागाच नव्हती. मॅनेजर भला माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, मी काय करू? सिस्टीममध्ये बाकीचा आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

आमचं कर्ज जुलै २०२० मध्ये खात्यात आलं. त्यातून भाड्याची थकबाकी आणि गावी गेलेल्या मुलांचे राहिलेले पगार दिले. मी ते घेतलं आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण ते कर्ज होतं. त्याला मदत म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. हप्ता पुढे ढकलला की तो नाहीसा होत नाही, फक्त हॉटेल सुरू झाल्यावरच्या कमाईवर येऊन बसतो. खरी मदत म्हणावी अशी एकच गोष्ट आमच्यापर्यंत आली. शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांचा पगार १५,००० च्या आत असलेल्या आस्थापनांसाठी केंद्राने मार्च ते ऑगस्ट पीएफचे दोन्ही हिस्से, १२ आणि १२ मिळून २४ टक्के, स्वतः भरले. ज्या मुलांचा पीएफ आम्ही भरत होतो त्यांच्या खात्यात ते पैसे दिसले. मी मुद्दाम पासबुक काढून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

हे सगळं एका पानात बसवायला मला बरेच दिवस लागले. शेवटी मागण्या चार ठेवल्या. एक, बसून जेवायची परवानगी, त्यासाठी आम्ही स्वतःहून पाळायचे नियम सोबत जोडलेले. दोन, बंद काळातल्या लायसन्स फीची आणि विजेच्या स्थिर आकाराची माफी. 'माफी' या शब्दाखाली मी रेघ मारली. तीन, कर्ज नसलेल्या हॉटेलांना उलाढालीच्या आधारावर पतहमी. चार, हॉटेल कामगारांची नोंदणी आणि बंद काळात त्यांच्या खात्यात थेट रक्कम. चौथ्या मागणीवर गटात सगळ्यात जास्त खल झाला. एका शेठना भीती होती की नोंदणी म्हटलं की तपासण्या येतील. मेसवाल्या काकू तेव्हा म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायकांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत. त्या चार महिने काय खाताहेत, ते मला विचारा." मागणी राहिली.

निवेदन द्यायचं कुठे, हाही एक प्रश्न होता. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश मुख्य सचिवांच्या सहीने निघायचे, त्याखाली शहरापुरता आदेश पालिका आयुक्तांचा, ग्रामीण भागाचा जिल्हाधिकाऱ्यांचा. लायसन्स फी उत्पादन शुल्क खात्याकडे. वीज ऊर्जा खात्याकडे. पर्यटन खातं हॉटेल व्यवसायाचं म्हणून त्यांच्याकडेही प्रत. आम्ही एकाच मजकुराच्या प्रती सगळीकडे दिल्या. आवक टपालात द्यायच्या, प्रत्येकावर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसेल तर पुढच्या वेळी "तुमचं काही आलेलं नाही" हे ऐकावं लागतं. सरकारी कामाचा अनुभव असलेला कुणीही हेच पहिलं सांगेल. प्रत्येक प्रतीबरोबर आम्ही सगळ्यांच्या हॉटेलांचा तक्ता जोडला : आसनसंख्या, कामगारसंख्या, महिन्याचं भाडं. मोठ्या संघटनांचे आकडे मोठे असतात. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालात देशभर ७३ लाख लोकांचा रोजगार रेस्टॉरंटांवर असल्याचं म्हटलं होतं. तो आकडा बातमीत चांगला वाटतो. पण एका टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याला स्वतःच्या वॉर्डातल्या हॉटेलांत किती माणसं होती आणि आता किती उरली, हा तक्ता जास्त कळतो असा माझा अनुभव आहे.

उरली किती, हे मी रोज बघत होते. मे महिन्यात श्रमिक ट्रेन सुरू झाल्या तेव्हा ओडिशाची आणि बिहारची मुलं निघाली. पोलीस ठाण्यात फॉर्म, डॉक्टरचा दाखला, मग नंबर कधी लागेल त्याची वाट. आमचा वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, उडुपीकडचा, तो खोलीवर राहिला. कोकणातले दोघे गणपतीला गेले ते दिवाळीनंतर आले. जुलैत १३ ते २३ पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा कडक लॉकडाऊन लागला तेव्हा पार्सलही थांबलं. तेवढे दिवस वस्तादाने रोज रिकाम्या भटारखान्यात जाऊन भांडी घासून ठेवली.

सप्टेंबरच्या अखेरीस मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेस्टॉरंट संघटनांच्या प्रतिनिधींशी व्हिडिओ कॉन्फरन्सवर चर्चा केली आणि नियमावली ठरली की परवानगी देऊ असं सांगितलं. ३० सप्टेंबरच्या आदेशाने ५ ऑक्टोबरपासून ५० टक्के क्षमतेने मोकळीक आली. नियमावलीत दोन टेबलांत किमान एक मीटर अंतर, शरीराचं तापमान, गिऱ्हाइकाचं नाव-नंबर लिहून घेणं आणि तो प्रशासनाला द्यायला त्याची संमती, शक्यतो शिजवलेलेच पदार्थ, कच्ची कोशिंबीर टाळणं अशा गोष्टी होत्या. आमच्या जोडपत्रातलं बरंच त्यात होतं. ते आमच्यामुळे आलं असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या हॉटेलवाल्यांच्या 'आहार'सारख्या मोठ्या संघटनाही तेच मागत होत्या. पण आम्ही आधीच टेबलांवर टेप लावून मोजून ठेवलं होतं, म्हणून पाच तारखेला सकाळी सात वाजता आम्ही तयार होतो. साठाच्या जागी तीस माणसं. थाळीत कोशिंबिरीऐवजी वाफवलेली कोबीची भाजी. पहिला आठवडा लोक यायला घाबरले. दिवाळीपर्यंत घडी बसली.

नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, मालमत्ता कर उद्योगाच्या दराने. हॉटेल काढायला लागणाऱ्या परवान्यांची संख्या ७० वरून १० वर आणायचंही ठरलं. ही वर्षानुवर्षांची मागणी होती आणि त्यासाठी झटलेल्या लोकांबद्दल मला आदर आहे. उद्योगाच्या दराचा फायदा मात्र राहण्याची सोय असलेल्या हॉटेलांना होता. आमच्यासारख्या जेवणाच्या हॉटेलचं वीजबिल व्यावसायिक दरानेच येत राहिलं.

मग २०२१ चा एप्रिल आला. पुण्यात ३ एप्रिलपासूनच संध्याकाळी सहाची संचारबंदी आणि फक्त पार्सल, पाठोपाठ ५ एप्रिलपासून राज्यभर 'ब्रेक द चेन'चे निर्बंध. त्या वेळी रुग्णालयांत खाटा नव्हत्या, ऑक्सिजनसाठी धावाधाव होती, आमच्या गल्लीत आठवड्याला कुणी ना कुणी जात होतं. हॉटेलं उघडा असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती आणि गटाने तसं म्हटलंही नाही. राज्यातल्या संघटनांनी 'मिशन रोजी रोटी' नावाने मूक निषेध केला, मालक-कामगार हातात फलक घेऊन आपापल्या दारात उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. आमच्या फलकावर एवढंच होतं : बंद ठेवा, पण कामगारांना जगवा.

१३ एप्रिलच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आम्ही सगळे टीव्हीपुढे होतो. नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये, परवानाधारक रिक्षावाल्यांना १,५००, बांधकाम कामगारांना १,५००, घरकाम करणाऱ्या बायकांना मदत, शिवभोजन महिनाभर मोफत. ती मदत योग्यच होती. पण हॉटेलचा वेटर, भांडीवाला, पोळ्या लाटणारी बाई यांचा त्यात उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एका कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "ताई, बांधकाम कामगारांचं मंडळ आहे, त्यांची यादी आहे, खाती जोडलेली आहेत. तुमच्या लोकांची यादी कुठंय?" बाई बरोबर बोलत होत्या. काकूंनी वर्षभरापूर्वी हेच म्हटलं होतं. रांधून वाढणारी एवढी माणसं, आणि सरकारकडे त्यांचं एकही पान नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या लेखी चौथी मागणी पहिली झाली.

आम्ही यादी स्वतः करायला घेतली. नाव, वय, गाव, काम, आधार, बँक खातं, पीएफ आहे की नाही. गटातल्या सगळ्या हॉटेलांत तो तक्ता फिरवला. निम्म्यापेक्षा जास्त लोकांना पीएफ नव्हता. काही मुलांची बँक खाती गावाकडच्या शाखेत पडून होती, केवायसी संपलेली. हे काम कंटाळवाणं होतं आणि या सगळ्या धडपडीत मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

७ जूनला राज्याने निर्बंधांची पाच स्तरांची पद्धत आणली. पुणे शहर तिसऱ्या स्तरात : हॉटेलं सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत ५० टक्के, शनिवार-रविवार फक्त पार्सल. १४ जूनपासून शहरातला संसर्ग कमी झाल्याने रात्री दहापर्यंत मोकळीक मिळाली. आम्ही गावाकडे फोन करून मुलांना बोलावलं, तिकिटाचे पैसे पाठवले. कोरोनाच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराच्या धास्तीने २८ जूनपासून पुन्हा दुपारी चार. जी मुलं दोन दिवसांपूर्वी स्टेशनवर उतरली होती त्यांना काय सांगायचं?

चारची वेळ कुणी ठरवली असेल त्याने दुकान डोळ्यांपुढे ठेवून ठरवली असावी. कापड, भांडी, चपला सकाळी घेता येतात. माणूस रात्रीचं जेवण दुपारी तीनला जेवत नाही. मी बिलिंगच्या संगणकातून कोविडच्या आधीच्या वर्षाचा तासवार विक्रीचा अहवाल काढला. एकूण विक्रीच्या जवळपास दोन तृतीयांश विक्री संध्याकाळी सातनंतरची. शनिवार-रविवारची मिळून आठवड्याच्या जवळजवळ निम्मी. म्हणजे आम्हाला उघडायला सांगितलं होतं ते दिवसाच्या आणि आठवड्याच्या रिकाम्या भागात. भाडं, वीज, पगार मात्र पूर्ण. बाकीच्यांनीही आपापले अहवाल काढले. परमिट रूमवाल्यांचा तर चारच्या आत धंदाच नव्हता. हे आलेख आम्ही एका पानावर काढले, चार वाजता उभी रेघ मारली आणि त्या पानाखाली फक्त तीन ओळी लिहिल्या.

ते पान घेऊन आम्ही एका अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी पान बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "रात्री सोडलं तर गर्दी होणार. जबाबदारी कोण घेणार?"

मी म्हटलं, "साहेब, गर्दी आता होतेय. चारला बंद म्हणून एक ते तीनमध्ये सगळे एकदम येतात, बाहेर ताटकळतात. तेच लोक दहापर्यंत आले तर पांगून येतील. ५० टक्क्यांची अट तशीच ठेवा, वेळ वाढवा."

"कुणी ५० टक्के पाळलं नाही तर?"

अण्णा म्हणाले, "त्याचं हॉटेल सील करा ओ. आम्ही पंच म्हणून सही करतो."

हे ऐकून साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं. पुण्याचे निर्णय तेव्हा पालकमंत्री अजित पवार यांच्या आठवड्याच्या आढावा बैठकीत व्हायचे. ते पान त्या बैठकीपर्यंत पोहोचलं का, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याने बऱ्याच जिल्ह्यांतली दुकानं रात्री आठपर्यंत सोडली, हॉटेलांना मात्र तिथेही चारच. पुणे तर त्या सवलतीतही नव्हतं. व्यापाऱ्यांनी घंटानाद केला, आम्ही त्यात गेलो. ८ ऑगस्टला पुण्यासाठी निर्णय जाहीर झाला : दुकानं आठपर्यंत, हॉटेलं दहापर्यंत, आसनक्षमता ५० टक्के. १५ ऑगस्टपासून राज्यभर हॉटेलांना दहा.

पण राज्याच्या आदेशात एक अट होती. मालकापासून भांडीवाल्यापर्यंत सगळ्यांचे लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले हवेत. मी लसीच्या पूर्ण बाजूची आहे. घरात मृत्यू पाहिलेल्या कुणालाही ते पटवावं लागत नाही. पण तारखा मांडून बघा. १८ ते ४४ वयाचं लसीकरण १ मेपासून, तेही तुटपुंजं. १३ मेला कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. आमची मुलं वीस-पंचवीस वर्षांची. ज्याने जूनच्या शेवटी पहिला डोस घेतला, त्याला दुसरा सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे १५ ऑगस्टला नियमात बसणारा वेटर सरकारच्याच वेळापत्रकाप्रमाणे फार थोड्या ठिकाणी असणार. आम्ही लिहून मागितलं की एक डोस झालेल्यांना दर आठवड्याच्या चाचणीवर काम करू द्या. उत्तर आलं नाही. मग गटाने खासगी रुग्णालयाशी बोलून शिबिर घेतलं. कोव्हिशील्डला खासगीत जास्तीत जास्त ७८० रुपये, कोव्हॅक्सिनला १,४१० घेता येत होते. कोव्हॅक्सिनचं अंतर चार ते सहा आठवड्यांचं, म्हणून महाग असूनही तीच घेतली आणि पैसे मालकांनी भरले. काकूंच्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे पैसे गटाच्या वर्गणीतून दिले. त्या दिवशी शिबिरात आमची यादी कामाला आली. नाव आणि आधार क्रमांक आधीच लिहिलेले, रांग भराभर सरकली. दोन्ही डोस झालेले नवरा, मी, नाना, वस्ताद आणि एक वेटर एवढ्यांवर आम्ही पहिले पंधरा दिवस रात्रीचं हॉटेल चालवलं. सत्त्याहत्तर वर्षांचे नाना गल्ल्यावर मास्क लावून बसले.

ऑक्टोबरात वेळ रात्री बारापर्यंत गेली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा दहा आणि ५० टक्के आले, पण ते महिन्याभरात सैलावलं. मार्च संपता संपता सगळे निर्बंध उठले.

केंद्राने ३१ मार्च २०२१ ला पतहमी योजनेचा तिसरा टप्पा आदरातिथ्य, पर्यटन, मनोरंजन यांच्यासाठी आणला. २० चे ४० टक्के झाले, मुदत सहा वर्षं, पहिली दोन वर्षं फक्त व्याज. हे संघटनांच्या पाठपुराव्यामुळे झालं आणि अनेकांना त्याने तारलं. आधार मात्र तोच : २९ फेब्रुवारी २०२० ची बाकी. अण्णांना तिसऱ्या टप्प्यातही काही मिळालं नाही. त्यांनी गावाकडची जमीन विकली आणि हॉटेल राखलं. आमच्या गटातली तीन हॉटेलं पुन्हा उघडली नाहीत, त्यात कॅफेवाल्या एका मुलाचं होतं. तो आता दुसऱ्याच्या भटारखान्यात नोकरी करतो.

माझं मत एवढंच आहे की पुन्हा अशी वेळ आली आणि सरकारने लोकांच्या जिवासाठी आमचं शटर बंद ठेवायला सांगितलं, तर आम्ही ठेवू. पण बंद काळातली फी आणि स्थिर आकार माफ व्हायला हवा, पुढे ढकलून भागत नाही. मदतीचा आधार कर्ज नसावा, जीएसटीच्या विवरणपत्रातली उलाढाल असावी. ती सरकारकडे असतेच. आणि कामगाराचे पैसे मालकाच्या हातून न जाता थेट त्याच्या खात्यात जावेत.

शेवटच्या गोष्टीसाठी आम्ही वाट पाहिली नाही. २६ ऑगस्ट २०२१ ला केंद्राचं ई-श्रम पोर्टल सुरू झालं, असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी. पीएफ नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या अशा कामगारांना तेव्हा त्यात नाव घालता येत होतं. आमचा तक्ता तयार होता, म्हणून दिवाळीच्या आत गटातल्या बहुतेकांची नोंद झाली. ज्यांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नव्हता त्यांची अडली, ती एकेक करून पोस्टात नेऊन जोडून घेतली. पोर्टलवर कामाचा प्रकार निवडताना काकूंच्या बायकांनी 'स्वयंपाकी' निवडलं.

आमच्या कर्जाचा शेवटचा हप्ता जुलै २०२४ मध्ये गेला. हॉटेल कामगारांसाठी बांधकाम कामगारांसारखं स्वतंत्र कल्याणकारी मंडळ असावं, हे निवेदन आम्ही निर्बंध उठल्यावर एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा दिलं, तक्त्यासह. त्याची पोच माझ्या फाइलमध्ये आहे. दर एप्रिलमध्ये तक्ता नवा करून त्याच मागणीची प्रत आम्ही पुन्हा देतो, यंदाही दिली आहे. तुमच्या गावात हॉटेलवाल्यांचा असा गट असेल तर आधी कामगारांची यादी करायला घ्या. तक्त्याचा नमुना मी कुणालाही देईन.